चार झाडांची बॅटरी

आमच्या शेंदूरजनाघाटात नवी बॅटरी घेतली, की ती आधी देवरावकाकांकडून पास करून घ्यावी लागते. टॉर्चला आम्ही बॅटरीच म्हणतो. काका, म्हणजे आमचे शेजारी, ती आधी बादलीभर पाण्यात बुडवतात, मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडतात आणि शांतपणे मालकाकडे पाहतात. तोवर मालकाच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं.

खोक्यावर काय छापलंय ते काका वाचत नाहीत. ‘एक किलोमीटर उजेड’ असं मी एकदा कौतुकानं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "किलोमीटरवर त व्याह्याचं वावर हाये. तिथं उजेड पाडून मी काय करू?" दहा मिनिटांत हाताला चटका देते ती त्यांच्या मते बॅटरी नव्हे, तवा. समोरच्याचे डोळे दिपवते ती बिनकामाची. "उजेड दिसाले नाई, दाखवाले पायजे," हे त्यांचं ब्रीद.

खरी परीक्षा मात्र दिवस मावळल्यावर, संत्र्याच्या बगीच्यात. परीक्षक काकांच्या पत्नी, सुमनकाकू. त्या बॅटरी घेऊन विहिरीपाशी बसतात. काका एक पिकलेलं आणि एक हिरवं संत्रं घेऊन ओळीतून चालू लागतात. दर झाडापाशी थांबून त्यातलं एक वर धरतात. काकूंनी उजेड टाकून सांगायचं, पिकलं की हिरवं. काकू चुकेपर्यंत जितकी झाडं झाली, तितक्या झाडांची ती बॅटरी; दहाच्या आत अडली तर फेल.

काकूंच्या नजरेचा काकांना भारी अभिमान. सौद्याला आलेले व्यापारी तोड कधी करायची ते काकूंनाच विचारत, आणि त्या रस्त्यावरूनच बगीचा पाहून सांगत. "माल माया, नजर तिची," असं काका गावभर सांगतात.

मी अमरावतीत नोकरीला. यंदा सुट्टीत येताना एक दणकट बॅटरी आणली. गावाचा विक्रम चौदा झाडांचा. तो मोडायचाच, असा माझा निश्चय होता. बादली झाली, फरशी झाली. बगीच्यात चार झाडांपर्यंत काकू बरोबर. पाचव्यापाशी काकांनी हिरवं संत्रं धरलं. काकूंच्या मागे उभा राहून मला ते लख्ख दिसत होतं. काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पिकलं."

काका परत आले. "फेल. पांढराफटक उजेड, रंगच मारून टाकते."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच काकांनी माझा दंड धरला आणि मला फाटकापर्यंत नेलं. तिथं मी कुरकुरलो, की मला तर स्वच्छ दिसलं.

"मले बी दिसलं," काका हळूच म्हणाले. "काचबिंदू हाये तिले. थेंब टाकून राहिलो, पन गेलेली नजर परत येत नाई म्हन्ते डॉक्टर. चाळीस वर्सं तिच्या नजरेवर बगीच्यातला माल इकला मी. आता तिले फेल म्हनू काय? बॅटरीले फेल म्हटलं त तिले काय दुखते?"

गेल्या वर्षभरात गावातली एकही बॅटरी पास झालेली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. विहिरीकडून काकूंनी आवाज दिला, पुढच्या खेपेला जरा पाहून आन म्हणून. मी हो म्हटलं.

अमरावतीत कुणी विचारलं, तर मी ताठ मानेनं सांगतो: माझी बॅटरी चार झाडांची निघाली. खुद्द सुमनकाकूंनी नापास केली.