बेरगोत्तीचा मूळ सहचालक

हिंदुराव खराड्यांनी एकोणीसशे अठ्ठावन्न सालची इटालियन बेरगोत्ती विकत घेतली, तेव्हा तिच्या डाव्या सीटवर एक माणूस बसलेला होता आणि तो मूळ कंपनीचा होता.

येळवड्याच्या इनामदारांनी ही गोष्ट लपवली नव्हती. मोटारखान्याचं दार उघडल्या उघडल्या त्यांनी आधी बॉनेट दाखवलं, मग चासीवरचा नंबर दाखवला आणि मग त्या माणसाच्या कोटाची कॉलर उलटी करून आत शिवलेली पितळी पट्टी दाखवली. तिन्ही ठिकाणी एकच नंबर होता, चारशे सतरा.

"शर्यतीची गाडी ना ही," इनामदार म्हणाले. "रस्ता सांगायला सहचालक लागतो. तो कारखान्यातूनच बसवून यायचा. आमच्या वडिलांनी मागवली तेव्हा हा वीस वर्षांचा होता. अजून बदललेला नाही."

"आणि गाडी एकटी घेतली तर?"

"सुटी देणार नाही. मग तिला काय अर्थ राहिला?"

हिंदुरावांना हे पटलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा डिझेल इंजिनांचे क्रँकशाफ्ट घडवायचा कारखाना होता आणि चाळीस वर्षं लोखंडात घालवल्यामुळे मूळ वस्तूची किंमत त्यांना कळत होती. जुन्या गाड्यांच्या जगात एखादा स्क्रूसुद्धा मूळचा असला तर लोक वाकून बघतात. इथे तर एक अख्खा माणूस होता, एकसष्ट वर्षं त्याच सीटवर, दातांसकट.

त्यांनी त्याला नमस्कार केला. त्याने हात जोडून म्हटलं, "आज्ञा व्हावी, सरकार."

मोटारखान्यात जन्म गेल्यामुळे त्याचं मराठी इनामदारांच्या आईसाहेबांच्या वळणाचं झालं होतं. नाव एत्तोरे. उद्यमनगरात गाडी उतरवून घेणाऱ्या हमालांनी ते नाव एकदा ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचे हत्तुरेकाका झाले. काकांनी त्याला हरकत घेतली नाही.

गाडीचं काम सव्वादोन वर्षं चाललं. इंजिन पूर्ण सुटं केलं. पिस्टन झिजले होते, ते जुन्या मापाचे ओतून घेतले. चारही टायर नवे घातले. पत्र्याला सात वेळा घासून रंग दिला, तोच जुना गडद लाल. एवढा काळ गाडी ठोकळ्यांवर असल्यामुळे डावी सीट काकांसकट कारखान्याला लागून असलेल्या हिंदुरावांच्या घरी, बैठकीच्या खोलीत ठेवावी लागली. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर सहचालकाच्या देखभालीची माहिती होती. ती इटालियनमध्ये असल्यामुळे काकांनीच वाचून दाखवली. दोन वेळ जेवण, आठवड्यातून दोनदा दाढी, दर पाचशे किलोमीटरनंतर पायी फिरवणे आणि दुपारी झोप. दुपारच्या झोपेचं त्यांनी पदरचं घातलं असावं, असं हिंदुरावांना वाटलं. पण पडताळायला दुसरा कुणी नव्हता.

हिंदुरावांच्या पत्नी मालनबाई घराच्या पुढच्या अंगाला मिरची कांडपाचं यंत्र चालवायच्या. मार्च-एप्रिलमध्ये चटणीसाठी बायकांची रांग लागायची. दोनच आठवड्यांत काकांची सीट बैठकीतून कांडपाच्या दाराशी गेली. कुणाचा डबा कुठला, कुणाच्या मिरचीत लसूण घालायचा, कुणाच्यात घालायचा नाही, हे काका बसल्या जागेवरून सांगू लागले आणि त्यांचं कधी चुकलं नाही. ठसक्याने मात्र त्यांचे डोळे लाल व्हायचे.

"त्यांना तिथून उठव," हिंदुराव म्हणायचे. "तिखटानं खराब होतील."

"काय पितळंचं भांडं हाय व्हय खराब व्हायला?" मालनबाई म्हणायच्या. "माणसात बसलं की बरं वाटतं त्यांस्नी."

एकदा मालनबाईंनी काकांचा कोट उन्हात टाकला आणि त्याचं एक बटण हरवलं. त्यांनी घरातलं दुसरं बटण लावून दिलं. हिंदुरावांनी ते त्याच दिवशी उसवलं. मग त्यांनी इटलीतल्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला पत्रं लिहिली, फोटो पाठवले, मापं पाठवली आणि पाच महिन्यांनी त्या सालचं, त्या जातीचं शिंगाचं बटण मागवलं. ते स्वतःच्या हाताने लावताना त्यांना जे समाधान झालं, ते त्यांना कारखान्याच्या उद्घाटनालाही झालं नव्हतं.

गुडघ्यांचं दुखणं त्यानंतर सुरू झालं.

म्हणजे ते आधीपासून होतंच. काका सांगत नव्हते. पावसाळ्यात त्यांना सीटवरून उठायला दोन माणसं लागू लागली, तेव्हा मालनबाईंनी डॉक्टर मगदूमबाईंना घरी बोलावलं. बाईंनी दोन्ही गुडघे वाकवून बघितले.

"पूर्ण घासलेत," त्या म्हणाल्या. "बदलावे लागतील."

"घासलेत म्हणजे किती?" हिंदुरावांनी विचारलं. "गेज लावून बघितलं तर कळंल का?"

"खराडेसाहेब, हाडाला हाड लागलंय."

"वंगणावर भागणार नाही?"

वंगणावर भागवायचं ठरलं. जुन्या गाड्यांना अस्सलपणाचे गुण देणाऱ्या पुण्याच्या विंटेज मोटार मंडळाच्या नियमावलीत तेल, टायर, बॅटरी यांसारख्या खपणाऱ्या वस्तू बदलल्या तर गुण कापत नसत. इंजेक्शन त्यात बसतं, असं हिंदुरावांनी पुण्याला फोन करून विचारून घेतलं. पण हाड बसत नव्हतं. इंजेक्शनाने तीन महिने बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले.

तोवर गाडी तयार झाली होती आणि डावी सीट काकांसकट पुन्हा तिच्यात बसवली होती. किल्ली फिरवली की ती असा काही आवाज करायची की शेजारच्या लेथवरचे कामगार हात थांबवून ऐकायचे. हिंदुराव रोज सकाळी तिला फडकं मारायचे आणि करायचं काय राहिलं ते शोधायचे. काही राहिलं नव्हतं. पूर्ण झालेल्या गाडीत त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, हे एक दिवस त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती विकायचं ठरवलं. लोणावळ्याजवळ स्वतःचं मोटार संग्रहालय असलेले पारखी नावाचे गृहस्थ लगेच तयार झाले. त्यांची अट एकच होती. मंडळाच्या परीक्षकाने येऊन गाडी संपूर्ण मूळ असल्याचा दाखला द्यायचा.

त्या संध्याकाळी हिंदुराव काकांच्या शेजारी, उजव्या सीटवर जाऊन बसले. गाडी बंद होती.

"काका, लई दुखतंय का?"

"कळ आहे, सरकार. पण अस्सलपणाला बाध येत नाही."

"लोणावळ्याला जागा मोठी आहे. काचेचं छत आहे म्हणे."

"उत्तम."

हिंदुरावांनी स्टिअरिंगवरून उगाच बोट फिरवलं. काका समोर बघत होते.

"आपण चारही टायर बदललेत, ते फार बरं केलंत," काका म्हणाले. "बसवत होते तेव्हा मी पाहत होतो. मला त्यांचा हेवा वाटला."

हिंदुराव खाली उतरले. त्यांनी पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसलं. मागे काका उतरायचा प्रयत्न करत होते. एक पाय बाहेर आला, दुसरा येईना. त्यांनी हाक मारली नाही, नुसते दाराची कड धरून राहिले. मालनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, काकांना काखेत धरून बाहेर काढलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"मी उद्या ह्यांस्नी दवाखान्यात ॲडमिट करणार. तुमी तुमचं मार्क मोजत बसा."

"अगं, पंधरा दिवसांवर परीक्षक येणार आहे."

"येऊ दे की. त्यांचं गुडघं दुखत असतील तर त्येंनाबी नेते."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फॉर्म भरायला हिंदुरावच उभे राहिले. मालनबाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं. ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपणहून रिक्षात बसले होते. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पेशंटशी नातं काय?"

"माझ्या गाडीचे आहेत."

"म्हणजे सासरकडचे?"

"इटलीकडचे."

तिने 'इतर' असं लिहिलं. हिंदुरावांनी सही केली. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाण्याआधी त्यांनी मगदूमबाईंना बाजूला घेतलं.

"बाई, एक विनंती होती. जुने पार्ट परत मिळाले तर बरं होईल."

"तसं देत नाही आम्ही."

"गॅरेजमध्ये देतात."

"हे गॅरेज नाही, खराडेसाहेब."

"ते बरोबर आहे," हिंदुराव म्हणाले. नवे गुडघे आपल्याकडे जुन्या मापाने ओतून मिळाले असते, हे मग त्यांनी बोलूनच दाखवलं नाही. ते बाहेरच्या बाकावर चार तास बसून राहिले. एवढ्या वेळात एकदाही त्यांच्या मनात गाडीचा विचार आला नाही. हे त्यांना घरी गेल्यावर आठवलं आणि थोडं अपराध्यासारखं वाटलं.

परीक्षकाला हिंदुरावांनी दीड महिना पुढे ढकललं. परीक्षकाचं नाव टिळेकर. ते पारखींना बरोबर घेऊनच आले. गळ्यात भिंग, हातात छापील तक्ता. इंजिन, चासी, पत्रा, काचा, चामडं, सगळीकडे त्यांनी पूर्ण गुण दिले. शिंगाच्या बटणापाशी तर ते काही वेळ थांबले आणि म्हणाले, "वा!" हिंदुरावांना भरून आलं.

मग टिळेकरांनी काकांना गाडीतून उतरायला सांगितलं. काका उतरले. पुन्हा बसायला सांगितलं. ते बसले. टिळेकरांनी चष्मा वर केला.

"वयाच्या मानाने हालचाल सुरळीत आहे," ते म्हणाले. "संशयास्पद सुरळीत."

त्यांनी वाकून काकांच्या गुडघ्यावर बोटाने टिचकी मारली आणि कान लावला. मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली.

"हे कुठले?"

"मी बदलून घेतले," हिंदुराव म्हणाले.

"कुणाच्या परवानगीनं?"

"त्यांना दुखत होतं."

टिळेकरांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. त्यात असा रकाना नव्हता, तेव्हा समासात लिहून त्यांनी दोन गुण कापले. मग त्यांनी काकांना त्यांचं नाव विचारलं.

"सेवकास हत्तुरे म्हणतात," काका म्हणाले.

टिळेकरांनी नावाचे आणखी दोन गुण कापले आणि शेरा लिहिला, 'सहचालक: पुनर्बांधणी केलेला. मूळ समजता येणार नाही.'

पारखी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आवाज चढवला नाही. गाडी मी घेतो, ते म्हणाले, पण हे गृहस्थ मला चालायचे नाहीत. बडोद्याला एक जण जुन्या आराखड्यांवरून सहचालकांच्या प्रतिकृती करून देतो. प्रतिकृती आहे असं पाटीवर लिहिलं की कुणाची तक्रार राहत नाही. अर्धवट मूळ माणूस ठेवला तर मात्र बघणारे प्रश्न विचारतात.

"तुम्हाला चालेल का?" त्यांनी हिंदुरावांना विचारलं.

हिंदुरावांनी काकांकडे बघितलं. काका डावी सीट रुमालाने पुसत होते. आधी पाठ, मग बैठक, मग कडेची शिवण. पुसून झाल्यावर त्यांनी कप्प्यातली पुस्तिका काढली, एकतिसावं पान फाडून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि उरलेली पारखींच्या हातात दिली.

"चालेल," हिंदुराव म्हणाले.

गाडी न्यायला सपाट ट्रक आला. ती वर चढवताना काकांनी ड्रायव्हरला हाताने खुणा केल्या, थोडी डावीकडे, बस, सरळ. ट्रक कोपऱ्यावर वळला तेव्हा हिंदुरावांना वाटलं होतं की छातीत काहीतरी होईल. झालं तसं. पण ते लाल बॉनेटमुळे झालं की रिकाम्या दिसणाऱ्या डाव्या सीटमुळे, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. काका बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. एवढा वेळ उभं राहिलेलं त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग कांडपावर कुणीतरी डबा वाजवला आणि ते आत गेले.

तीन आठवड्यांनी परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. चारशे सतरा क्रमांकाचं वाहन दुसऱ्या मालकाच्या नावे झालं असून त्याचा एक नोंदणीकृत भाग आपल्या ताब्यात राहिल्याचं दिसून येतं. सदर भाग तीस दिवसांत दुसऱ्या वाहनास जोडून घ्यावा, अन्यथा भंगारात काढल्याचा दाखला सादर करावा.

हिंदुराव आणि काका रिक्षाने, मालनबाई स्वतःच्या स्कूटरवरून, असे तिघेही कार्यालयात गेले. लोंढेबाई नावाच्या लिपिक होत्या. त्यांनी काकांची कॉलर उलटी करून नंबर ताडून पाहिला, दोन्ही गुडघ्यांची दवाखान्याची बिलं फाइलला लावली आणि काकांना खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं.

"फिटनेस चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या वाहनाला जोडायचा?"

"माझी जीप आहे," हिंदुराव घाईने म्हणाले.

"जीपमध्ये सहचालकाची तरतूद नाही."

"मग कारखान्याचा टेम्पो?"

"मालवाहू आहे. त्यात यांना माल म्हणून दाखवावं लागेल. दाखवू का?"

"नको," मालनबाई म्हणाल्या.

लोंढेबाईंनी फॉर्म पुढे ओढला. "सातव्या रकान्यात भागाची स्वतःची पसंती विचारायची असते. आजवर कुणी भरलेला नाही तो. सांगा काका, तुम्हाला कुठे बसायचंय?"

काकांनी बराच विचार केला. त्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात होता. मग त्यांनी खिडकीतून बाहेर, झाडाखाली लावलेल्या मालनबाईंच्या स्कूटरकडे बोट दाखवलं.

"बाईसाहेबांची हरकत नसेल तर," ते म्हणाले.

"हरकत कसली," मालनबाई म्हणाल्या. "उलट पिशव्या धरायला बरं."

लोंढेबाईंनी स्कूटरचा नंबर लिहून घेतला, दोन ठिकाणी शिक्का मारला आणि पावती काकांच्या हातात दिली. काकांनी ती घडी करून आतल्या खिशात ठेवली, कोटाचं बटण लावलं आणि बाहेर जाऊन मागच्या सीटवर बसले. मालनबाईंनी किक मारली.

दुचाकीवर दोघांनाच परवानगी असल्यामुळे हिंदुराव रिक्षाने घरी आले.