चालू रेडिओस प्रवेश नाही

निकामी झाल्याशिवाय मोठेपण मिळत नाही, हे माणसांच्या बाबतीत सर्वांना ठाऊक आहेच. आमच्या जिल्हा कचेरीनं ते रेडिओलाही लागू केलं. फरगाना खोऱ्यातल्या आमच्या छोट्या रेडिओ संग्रहालयाचा नियम चौथा: 'चालू स्थितीतील वस्तू ऐतिहासिक समजली जाणार नाही.' नियम उत्तमच आहे. (आधीच्या चार नियमांबद्दल प्रश्न विचारू नयेत, असा नियम पाचवा आहे.)

अडचण एकच, एर्गश अका. (अका म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ.) ते इथले रखवालदार, मी तिकीट फाडणारा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि अका ती रेडिओच्या बाबतीतही पाळतात. कुणी मुका रेडिओ दान केला की तो बोलता होईपर्यंत त्यांना घास गिळवत नाही. बोलला की नियम चौथा लागतो आणि रेडिओ मालकाकडे परत जातो. गेल्या वर्षी दान आलेले रेडिओ २१२, परत गेलेले २१२. (बदल्यात आलेले सामसे, म्हणजे आमचे तंदुरी समोसे, मोजायच्या आत संपले.) प्रेक्षक चार, पैकी तिघे 'माझा झाला का?' एवढंच विचारून गेले.

मग कचेरीचं पत्र आलं: तपासणीत एकही वस्तू न आढळल्यास संग्रहालय बंद. अकांचं तोंड एवढंसं झालं. घरी सून त्यांना पकडीला हात लावू देत नाही. इथून उठवलं तर हा माणूस खचेल, आणि मला ते बघवणार नाही.

ठरल्या दिवशी तपासनीस मिर्झोहिद साहेब आले आणि रिकाम्या कपाटांसमोर बसून मोबाइल चाळू लागले.

"साहेब, चहा घ्या," अका म्हणाले.

"हं."

"पंचवीस वर्षं झाली मला इथं."

"हं हं."

"चहात उंदीर पडलाय."

"छान, छान."

अकांनी चष्मा पुसून साहेबांना नीट न्याहाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घे रे. हा काही माझ्याच्यानं दुरुस्त व्हायचा नाही."

मी नोंदवही उघडली. वस्तू क्रमांक एक: श्रोता. पूर्वी घरोघरी असे. दोन्ही कान जागेवर, ओरखडा नाही, चालत नाही.

साहेबांनी न वाचता सही केली. संग्रहालय या वर्षापुरतं वाचलं.

आता नियम सहावा: एका नगाला संग्रह म्हणता येत नाही, पुढच्या तपासणीपर्यंत किमान दोन हवेत. आपण हे वाचत असताना घरातलं कुणीतरी आपल्याला दोनदा काहीतरी विचारून गेलं. कृपया पत्ता कळवावा, कपाट पुसून ठेवलं आहे.