हळू बोला, बुटके झोपलेत

भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, कुंट्यांच्या घरातला पंखा बंद दिसला की समजायचं, आत कुणीतरी झोपलंय. नलिनीवहिनी एका हाताने वर्तमानपत्राचा वारा घेत दार उघडायच्या आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून सांगायच्या, "हळू बोला, बुटके झोपलेत." घरात तान्हं मूल नव्हतं, आजारी माणूस नव्हतं. झोपलेले असायचे ते बोटाच्या पेराएवढे, दाढीवाले, हातात कुऱ्हाडी घेतलेले धातूचे बुटके. आणि तेही खरं तर झोपलेले नसायचे. त्यांच्या अंगावरचा रंग वाळत असायचा.

पण 'वाळतोय' हा शब्द अनंत कुंट्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे रंग झोपायचा. ओला असला तर "जागा आहे अजून". अर्धवट वाळला तर "डुलक्या घेतोय". पंख्याने धूळ उडून चिकटली तर "दचकून उठला बिचारा", आणि मग त्याला पहिल्यापासून झोपवायचं. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून दोन विंगा हातघाईवर आल्या, तेव्हा हे मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, "हा विषय झोपू दे थोडा. जागेपणी हात लावला तर ठसे उमटतात." सेक्रेटरीला काही कळलं नाही, पण भांडण तेवढं थांबलं.

कुंटे आणि मी मुंबईतून बेव्हर्ली पार्कातल्या ह्या सोसायटीत राहायला आलो ते जवळजवळ एकदमच. दार समोर दार. कुंटे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होते. पातेली, पराती, डबे ट्रकमध्ये चढवून गावोगाव रवाना करायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या हातून माल कधी अडकला नाही, असं ते अभिमानाने सांगत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बुटके खरे त्यांच्या मुलीचे, मानसीचे. इंजिनिअरिंगला असताना तिला एका खेळाचा नाद लागला. मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, पडके किल्ले मांडायचे, एकाने बुटक्यांचं सैन्य घ्यायचं, दुसऱ्याने राक्षसांचं, आणि फासे टाकून लढायचं. सैनिक परदेशातून कुणाकुणाबरोबर मागवायचे. ते येतात कोरे, राखाडी. रंगवायचे ज्याचे त्याने. मानसीने एक रंगवायला घेतला. त्याचे डोळे असे काही आले की तो कायम स्वतःच्याच नाकाकडे बघत राहिला. मग तिने बाकीचे बाबांसमोर ठेवले. "बाबा, तुम्ही पेणला गणपती रंगवायचे ना लहानपणी? मग हे काय, किस झाड की पत्ती."

कुंट्यांच्या वडिलांचा पेणला गणपतीचा कारखाना होता. त्यामुळे पहिला बुटका तयार झाला तो पिवळाधमक पीतांबर नेसून, खांद्यावर शेंदरी शेला टाकून आणि कानात भिकबाळी घालून. मानसी हसून हसून सोफ्यावरून घसरली. पण मित्रांनी त्याला नावं ठेवली तेव्हा त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

रविवारी सकाळी मी चहाला त्यांच्याकडे जाऊन बसायचो. त्यांच्या गॅलरीतून मिठागरं दिसायची. ऊन वर आलं की मिठाचे ढीग असे चमकायचे की डोळे आपोआप मिटायचे, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला हलका खारट वास असायचा. ग्रिलवर रांगेने बुटके उभे, त्यांच्यामागे ते पांढरं रान. मान थोडी तिरकी केली की वाटायचं, हेच लोक मीठ ओढून दमलेत आणि आता जरा टेकलेत. कुंट्यांना तर तसं वाटायचंच. मला सांगायचे, "हा ना, काळे, बायको माहेरी गेलीय म्हणून घुम्यासारखा बसलाय. आणि हा बांधावरचा मुकादम. कुऱ्हाड नुसती धाकाला." लढाई हा विषय त्यांच्या बोलण्यात कधी यायचा नाही. मी आधी थट्टा करायचो. नंतर कधीतरी आल्या आल्या विचारलं, "काय, आली का ह्याची बायको?" आणि माझ्या लक्षात आलं की मीही गेलो कामातून.

सगळं छान चाललं होतं, फक्त कुंट्यांनी रंगवलेल्या एका बुटक्याला डोळे नव्हते. एका म्हणजे, एकालाही. दाढीतला केस अन् केस सुटा, पट्ट्याच्या बक्कलवर नक्षी, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी गुळगुळीत कातडी. विचारलं की उत्तर ठरलेलं. "आखणी शेवटी." मूर्तीचे डोळे काढण्याला पेणला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी करायची, हे मलाही पटलं. पण शेवट काही येईना.

तशात मानसीला बेंगळुरूला नोकरी लागली. तिथे हा खेळ खेळणाऱ्यांचा क्लबही तिने शोधून ठेवला होता, आणि क्लबचा नियम कडक होता. अर्धवट रंगवलेला सैनिक टेबलावर चालणार नाही. नव्या गावात ओळखीचं असं तिला तेवढंच होतं. ती रोज बाबांना आठवण करायची. बाबा रोज म्हणायचे, "रंग जागा आहे अजून." महिन्यापूर्वीचा रंग. नलिनीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याला झोपेची गोळी द्या एकदाची."

जायच्या आदल्या रविवारी मी तिथेच होतो. मानसी गॅलरीत आली, बाबांशेजारी खाली बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबा, हे असेच राहिले ना, तरी मी जाणारच आहे. फक्त तिकडे एकटी बसेन." आणि उठून बॅग भरायला आत गेली.

कुंट्यांनी तोंड मिठागराकडे वळवलं. मग माझ्याकडे न बघता बोलले. "काळे, आमच्या पेणच्या कारखान्यात वर्षभर गणपती फळ्यांवर असायचे. मी त्यांच्यातच अभ्यास करायचो, त्यांच्यातच झोपायचो. मग एक दिवस दादा, म्हणजे आमचे वडील, आखणीला बसायचे. डोळे आले की गणपती आपला राहायचा नाही. तोंडावर रुमाल टाकून लोक घेऊन जायचे. संध्याकाळी सगळ्या फळ्या रिकाम्या. मी जेवायचो नाही त्या रात्री. दादांना म्हणायचो, नका ना काढू डोळे." ग्रिलवरचा एक बुटका उचलून म्हणाले, "दादा म्हणायचे, अरे, त्याला जायची वाट दिसायला नको का?"

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वेळेवर रवाना करणारा हा माणूस, घरचा माल अडवून बसला होता. मला हसू यायला हवं होतं. पण मी गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्यांनी तिथेच सगळ्यात बारीक ब्रश काढला. श्वास रोखून एकेक डोळा. मी हलायचं धाडस केलं नाही. पाच-सहा झाल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "कुंटे, हे सगळे वर का बघतायत? आभाळात काय आहे?"

"आभाळात नाही," ते म्हणाले. "मानसी टेबलापाशी उभी राहणार ना. हे एवढेसे. मान वर केल्याशिवाय ती दिसायची कशी?"

मग मी पंखा बंद आहे का ते उठून पाहिलं.

काशिमीऱ्याला बेंगळुरूच्या बसमध्ये ती चढली तेव्हा डबा तिच्या मांडीवर होता. आत प्रत्येक बुटक्याच्या तोंडावर वहिनींच्या जुन्या साडीचा नखाएवढा तुकडा बांधलेला. बस सुटली तरी कुंटे तिथेच उभे. "डबा उलटा तर नाही ना धरलान तिने?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर पंखा भरभर फिरायला लागला. ग्रिल मोकळं, गॅलरीत वहिनींचे पापड. मी येऊन बसायचो, आम्ही टँकरबद्दल वगैरे बोलायचो.

एका रविवारी दुपारी गेलो, तर पंखा बंद. कुंटे घामाने निथळत खुर्चीत बसलेले. मला एकदम बरं वाटलं. चपला हळूच काढल्या, चवड्यावर आत गेलो आणि कुजबुजत विचारलं, "नवे आले? कोण झोपलंय?"

"कोणी नाही हो," ते म्हणाले. टीपॉयवर मोबाइल ठेवला होता, नुसताच. "तिचा फोन येतो ना ह्या वेळेला. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही."