आम्रपाली भरती झाली!

आम्रपाली कांबळेचा बेत एकदम पक्का होता. नोकरी हातात पडेपर्यंत गावात कुणाला, अगदी सख्ख्या आईलासुद्धा, मुलाखतीतला 'मु' ऐकू द्यायचा नाही! आधी नोकरी, मग बातमी. आणि बातमी अशी द्यायची की मोरखिंडीतली माणसं ऐकल्याबरोबर जागच्या जागी उडाली पाहिजेत!

बेताचा शेवटचा भाग फारच यशस्वी झाला. माणसं नुसती उडाली नाहीत, उडत उडत थेट मिरजेपर्यंत आली.

आता एवढी लपवाछपवी कशासाठी, असं तुम्ही विचाराल. सांगतो. मोरखिंडी हे पाटणच्या खोऱ्यातलं गाव. विहारामागच्या गल्लीत पदवी घेतलेली आम्रपाली ही पहिलीच मुलगी. ब्याण्णव साली बी.कॉम.चा निकाल लागला, तेव्हा तिच्या वडलांनी, म्हणजे अर्जुना गवंड्यानं, हातातली थापी टाकून गावभर पेढे वाटले होते. पेढे दोन दिवसांत संपले आणि मग सुरू झाला तो एकच प्रश्न : "मग? आता फुडं काय?"

नळावर गेलं की फुडं काय. विहारात गेलं की फुडं काय. गिरणीत दळण न्यावं, तर गिरणीवाला पट्ट्याच्या खडखडाटातून ओरडायचा, "फुडं कायऽऽ?" दीड वर्ष! तिनं तरी काय कमी केलं होतं? साताऱ्याला सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं. टायपिंगच्या परीक्षा दिल्या. बँक, कारखाना, दूध संघ, दिसेल त्या दाराला अर्ज केला. चार ठिकाणी मुलाखतीही झाल्या. पण प्रत्येक वेळी निम्मं गाव तिला एस.टी.च्या थांब्यावर पोचवायला यायचं आणि संध्याकाळी तेच निम्मं गाव घ्यायला उभं!

"काय झालं गं?"

"कळवतो म्हणाले."

चौथ्या वेळी ती थांब्याच्या आधीच खिंडीत उतरली आणि ओढ्याओढ्यानं, कोंबड्या चोरून आल्यासारखी, घरी आली. अर्जुना काही बोलला नाही. तिच्या चपलांचा चिखल तेवढा त्यानं काडीनं खरवडून काढला. गावाच्या शंभर प्रश्नांपेक्षा ते न बोलणं तिला जास्त लागलं.

म्हणून मिरजेहून साक्षीचं पत्र आलं, तेव्हा तिनं तोंड शिवून घेतलं. साक्षी ही कॉलेजातली मैत्रीण. ती मिरजेला नर्सिंग शिकत होती. 'शिराळकर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात केसपेपर काढायला मुलगी पाहिजे आहे. लगेच निघ,' असं पत्रात होतं. "साक्षीकडं चार दिवस जाऊन येते," एवढंच सांगून आम्रपाली निघाली.

डॉक्टर राजेश्वरी शिराळकर म्हणजे उंचीनं पाच फूट, पण त्या खोलीत आल्या की खुर्च्यासुद्धा सावरून बसतील असा दरारा! त्यांनी आम्रपालीच्या प्रमाणपत्रांकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"अक्षर दाखव."

तिनं चार ओळी लिहून दाखवल्या.

"वाचता येतंय! आधीच्या क्लार्कचं अक्षर माझ्याहून वाईट होतं. पण त्याला मी त्यासाठी नाही काढला. त्याच्या खिडकीशी सारखी ओळखीपाळखीची माणसं जमायची. दवाखान्याचा आठवडी बाजार केला होता त्यानं! मला शांतता लागते. कळलं? आठ दिवस ठेवून बघते. पटलं तर कायम. सगळ्या बायकांना इथं पांढरी साडी. आत्तापासून बस."

आम्रपालीचे पाय जमिनीला लागेनात! दुपारी सुट्टी झाल्याबरोबर ती समोरच्या बूथमध्ये घुसली आणि तिनं मोरखिंडीतल्या नानासोतात्याच्या किराणा दुकानात फोन लावला. गावात फोन तो एकच.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मोरखिंडीत 'नोकरी लागली' असं कुणी म्हणतच नाही. पोरं मिलिटरीत जायची, तेव्हा नोकरी म्हणजे भरती. तलाठ्याच्या हाताखाली लागला तरी 'भरती झाला' आणि एस.टी.त कंडक्टर झाला तरी 'भरती झाला'.

"तात्या, मी आम्रपाली! अण्णांना निरोप द्या. मी भरती झाले!"

"भरती? कुटं?"

"मिरजेला! शिराळकर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात."

शेंगदाण्याचं माप हातात तसंच धरून नानासो पोत्यावर बसला. "कवा गं पोरी?"

"आज सकाळीच! डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि लगेच घेतलं. म्हणाल्या, आठ दिवस ठेवून बघू, मग कायमचं काय ते सांगू."

"का... कायमचं?"

"हो! आईला म्हणावं रडू नको, माझ्या मनासारखं झालंय. आणि तिची विहारात नेसायची पांढरी साडी तेवढी पाठवून द्या."

"पांढरी?"

"हितं पांढरीच लागते, तात्या." समोर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून डॉक्टरीणबाईंनी हात केला. "बरं ठेवते, मला वरून बोलावणं आलंय!"

फोन बंद. नानासोनं एकही शब्द चुकीचा ऐकला नव्हता. तीच तर पंचाईत झाली! तो दुकान उघडं टाकून, शेंगदाणे सांडत, अर्जुनाच्या घराकडं पळत सुटला.

घटकाभरात अर्जुनाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. लक्ष्मीबाई, म्हणजे आम्रपालीची आई, जोत्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाकी सगळ्यांच्या तोंडून मात्र फुटत होते.

"तरीच पोरगी वाळली हुती!"

"तरीच त्या दिशी वढ्यानं आली! चालवत नसंल, म्हून आडबाजूनं आली."

"साक्षीकडं जाते म्हणली. दुखणं लपवलं वं पोरीनं!"

आणि मग गिरणीवाला हळूच म्हणाला, "आपुनच डोस्कं खाल्लं तिचं. फुडं काय, फुडं काय करून."

सगळे खाली बघत बसले.

तेवढ्यात नाथाजी उठले. नाथाजी मिलिटरीतनं हवालदार होऊन रिटायर झालेले. "रडारड बंद!" ते म्हणाले. "आठ दिस ठिवून घेतलंय म्हंजी आपरेशन! आपरेशन म्हंजी रक्त लागणार. तरण्या गड्यांनी नावं द्या! बाळासो, पहाटं पाचला जीप तयार पायजे. गडी माणसं फुडं, बाया मदी!"

बाळासोची जीप म्हणजे वडापची, माणशी भाडं घेऊन भरायची जीप. तिच्यात माणसं मोजायची पद्धतच नव्हती. पहाटे ती निघाली तेव्हा आत आणि बाहेर मिळून पंधरा माणसं होती. शेजारच्या सुलाबाईनं गावठी अंडी उकडून घेतली होती. पांढरी साडीही तिनंच बांधून घेतली, कारण लक्ष्मीबाई त्या साडीला हात लावेना. अर्जुनानं सदरा उलटा घातला होता आणि मिरज येईपर्यंत त्याला ते कुणी सांगितलं नाही. सांगलीत हळदीच्या गाड्यांच्या रांगेत जीप अडकली, तर नाथाजी खाली उतरून दोन्ही हात पसरून ट्रॅफिक सोडवायला लागले. लोकांनी ऐकलंही!

इकडे आम्रपाली साक्षीची पांढरी साडी नेसून सकाळपासून खिडकीत बसली होती. खिडकीला काच होती आणि काचेला खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक. समोरच्या बाकावर जत भागातली एक बाई पहाटेपासून बसून होती. तिचा नवरा यल्लाप्पा झाडावरून पडला होता. मांडीचं ऑपरेशन करायचं, तर दोन बाटल्या रक्त हवं. रक्तपेढीत रक्त होतं, पण बदली द्यायला माणसं आणा म्हणत होते. बाई स्वतः इतकी अशक्त, की तिचं घेईनात. आम्रपालीनं विचारलं, "कुणी नातेवाईक?" तर ती नुसती हात हलवून म्हणाली, "यारू इल्ला, बाई. कुनी न्हाई."

तेवढ्यात दारातून धाडधाड पावलं वाजली. आम्रपाली खाली मान घालून लिहीत होती.

"आवं बाई, आम्रपाली अर्जुना कांबळे कुटल्या खाटंवर हाय?"

"पेशंटचं वय?" आम्रपालीनं सवयीनं विचारलं. मग पेन थांबलं. तिनं वर पाहिलं. काचेपलीकडं उलटा सदरा आणि त्यावर अण्णांचा चेहरा!

"आमे! तू हितं का बसलीयास? खाटंवर झोपायचं सोडून?"

"आण्णा, तुमी..."

पुढचं बोलायला मिळालंच नाही. लक्ष्मीबाईनं भोकातून हात आत घातला आणि तिचं कपाळ चाचपलं. "ताप न्हाई गं! मग काय झालंय? कुटं दुखतंय?" असं म्हणत तिनं लेकीचं मनगट असं धरलं की सोडायचं नावच नाही. मागून सुलाबाई ओरडली, "आदी अंडं दे तिला! रातीपासनं उपाशी आसंल!" दुसऱ्या हातानं अंडं. म्हणजे आता दोन्ही हात आत! आणि बाहेर काढायला गेली तर बांगड्या भोकात अडकल्या.

"वडा!"

"वडू नका, काच फुटंल!"

"साबन आना, साबन!"

नाथाजींनी तोवर उरलेल्यांना भिंतीला लावून उभं केलं होतं. "एक लाइन! भाया वर!"

"कांबळे!"

आवाज जिन्यावरून आला. डॉक्टरीणबाई पायरी पायरी खाली उतरल्या. त्यांनी भिंतीची रांग पाहिली, खिडकीत अडकलेली बाई पाहिली, टेबलावर केसपेपरवर ठेवलेलं उकडलेलं अंडं पाहिलं.

"ही कोण माणसं?"

आम्रपालीनं केसपेपरवरचं अंडं पटकन बाजूला घेतलं. गेली नोकरी! एक दिवसाची नोकरी! "माझ्या... गावाकडची, मॅडम."

"सगळी?"

"ड्रायवर धरून पंदरा, म्याडम!" नाथाजींनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "पोरगी भरती झाली आसं कळलं. रक्त द्यायला हजर! कुटं झोपायचं?"

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. आम्रपालीला मात्र एकदम सगळं कळलं. फोन आठवला, आठ दिवस आठवले, साडी आठवली, वरचं बोलावणंही आठवलं! ती कळवळून म्हणाली, "आण्णा, मी आजारी न्हाई वो! भरती म्हंजी कामावर! नोकरी लागली मला. केसपेपर काढायची!"

"नोकरी?" अर्जुना म्हणाला.

"व्हय."

"म्हंजी... नोकरी?"

"व्हय वो, आण्णा."

"हितं? ही खुर्ची तुजी?"

तिनं मान हलवली. अर्जुनानं खिडकीच्या कट्ट्यावर डोकं टेकलं आणि तो गवंडी माणूस, भर दवाखान्यात, लहान पोरासारखा रडायला लागला. ते पाहून लक्ष्मीबाई रडायला लागली. तिला डोळे पुसता येईनात, कारण हात आत अडकलेले! मग त्याच हातांनी तिनं आतून आम्रपालीचे पुसले.

डॉक्टरीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, "ठीक आहे. झालं ना? आता एवढी माणसं इथं..."

"मॅडम," आम्रपाली उभी राहिली. एवीतेवी नोकरी गेलीच आहे, तर बोलून घेऊ, असं तिला वाटलं. "ही माणसं रक्त द्यायलाच आलीत. आणि यल्लाप्पांना दोन बाटल्या मिळत नाहीत. त्यांची बाई पहाटेपासून बसलीय."

सगळ्यांनी बाकाकडं पाहिलं. ती बाई पदर तोंडात धरून बघत होती.

अर्जुनानं तोंड पुसलं. "आमच्या पोरीसाठनं आनलंय, डॉक्टरीणबाई. ते परत कशाला न्याचं? हितंच दिऊन जातू."

झालं! साबणाच्या पाण्यानं लक्ष्मीबाईचे हात सुटले आणि वरात रक्तपेढीकडं निघाली. दोन बाटल्यांची गरज, अकरा जण तयार! नाथाजींना वयामुळं नको म्हणाले, तर ते तिथल्या माणसाला आपलं मिलिटरीचं डिस्चार्ज बुक दाखवायला लागले. बाळासो ड्रायव्हर हा सहा फुटी गडी. कोयनेच्या घाटात एका हातानं जीप हाणणारा. त्यानं सुई पाहिली, "आयो" म्हणाला आणि केळीच्या खांबासारखा आडवा झाला. जीप संध्याकाळपर्यंत हलणार नाही हे त्याच क्षणी ठरलं.

आम्रपाली कागद घेऊन तिथं गेली, तर खाटांवर भाया वर करून एका रांगेत तिचं गाव झोपलेलं! तिचा बाप, गिरणीवाला, आणखी तिघं. नळावर, विहारात, गिरणीत, थांब्यावर तिला छळणारी हीच माणसं. ह्या प्रश्नांना घाबरून ती ओढ्यानं लपत आली होती. आणि हेच लोक तिच्यासाठी पहाटे पाचला उठून, एकमेकांच्या मांडीवर बसून, चार तास प्रवास करत आले होते. ती नुसती प्रत्येकाला चहा नेऊन देत राहिली. गिरणीवाल्याला तर तिनं तीनदा दिला. त्यानं तिन्ही प्यायले.

निघताना यल्लाप्पाच्या बायकोनं अर्जुनाचे पाय धरायला हात पुढं केले. अर्जुना असा बिचकून मागं सरला की बादलीत पाय गेला! "आसं न्हाई कराचं, बाई," तो म्हणाला. "जय भीम म्हना आन् मालकांकडं बगा."

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्रपालीला वर बोलावलं. "अक्षर चांगलं आहे. काम चांगलं आहे. शांततेचं विचारू नकोस. उद्यापासून कायम." आणि ती दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "ती गावठी अंडी कुठं मिळतात गं?"

तेव्हापासून दर सोमवारी मोरखिंडीची जीप थेट दवाखान्याच्या दारात लागायला लागली. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, कुणाला नुसतंच 'कसंतरी हुतंय'. एकदा डॉक्टरीणबाई खिडकीशी थांबून म्हणाल्या, "कांबळे, तुझ्या गावात एखादा तरी धडधाकट माणूस उरलाय का?"

काल सुलाबाई आली होती. आम्रपालीनं केसपेपर पुढं ओढला, नाव लिहिलं, वय लिहिलं आणि विचारलं, "काय होतंय, काकू?"

सुलाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, भोकाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "काय न्हाई गं. तू कशी हाईस ते बगाय आले. पर तशी आत सोडत न्हाईत न्हवं? तू आपली कंबर लिही."

आम्रपालीनं आपल्या चांगल्या अक्षरात कंबर लिहिली.