प्रतिसादक क्रमांक चौदाचे यजमान

आपण समुद्रात बुडून मेलो आहोत, हे नावाड्याला मंगळवारी सकाळी चहा पिताना कळलं. शाळामास्तर वाचून दाखवत होते. बेटावर दोन महिने राहून गेलेल्या संशोधक मुलीने बेटावरची माणसं आणि बदलते सागरी प्रवाह यांच्यावर विद्यापीठात प्रबंध सादर केला होता आणि त्याची एक प्रत शाळेला भेट पाठवली होती. पान एकशे बारावर छापलं होतं : प्रतिसादक क्रमांक चौदा. स्त्री, वय पन्नास. बेटाच्या उत्तर टोकाचं घर. पती व्यवसायाने नावाडी. समुद्रात बुडून मृत्यू.

उत्तर टोकाला घर एकच होतं.

“नीट वाचा, मास्तर,” नावाडी म्हणाला.

“नीटच वाचतोय. पुढचं तिसरं प्रकरण सगळं तुमच्यावरच उभं आहे. प्रवाह असे बदललेत की मुरलेला नावाडीसुद्धा टिकत नाही, असं सिद्ध केलंय.”

नावाड्याने कप बशीत आपटला. मेल्याचं त्याला तेवढं वाईट वाटलं नव्हतं. “मारायचंच होतं तर तापाने मारायचं. पण बुडून? चाळीस वर्षं या पाण्यावर आहे, चपलेला थेंब लागू दिला नाही. आणि त्या मुलीला बेटावर आणलं कोणी? मी. वाटेत मळमळायला लागलं तेव्हा लिंबू दिलं कोणी? तेही मीच.”

“तिला काय ठाऊक, तुम्हीच चौदा नंबरचे यजमान.”

बायको आत भांडी घासत होती. एरवी मधे चार वाक्यं टाकणारी ही बाई आज गप्प का, हा प्रश्न रागाच्या भरात नावाड्याला पडला नाही.

दुपारपर्यंत बातमी धक्क्यावर पोचली. रोज पलीकडे जाणारा शिंपी दुसऱ्याच्या होडीत जाऊन बसला. “तुम्ही समोर उभे आहात, हे दिसतंय मला,” तो ओशाळून म्हणाला, “पण छापलंय म्हणजे काहीतरी असेलच ना.” बुधवारी नावाड्याची होडी रिकामीच गेली आणि रिकामीच आली. गुरुवारी त्याने इस्त्रीचा सदरा चढवला आणि बायकोला सोबत यायला सांगितलं.

“मी कशाला?” ती म्हणाली.

“चौदा नंबर तूच ना? मग चल.”

विद्यापीठात विभागप्रमुखांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “प्रतिसादकांची ओळख गोपनीय असते. चौदा नंबर म्हणजे या बाई, हे मला मान्य करता येणार नाही.”

“नका करू. मी जिवंत आहे, एवढं तरी मान्य करा.”

“तुम्ही आहात. चौदा नंबरचे यजमान नाहीत.”

नावाड्याची कानशिलं तापली. तो काही बोलणार, इतक्यात संशोधक मुलगी फायली घेऊन आत आली आणि “अय्या मावशी, तुम्ही इथे कशा?” म्हणत बायकोच्या गळ्यात पडली. गोपनीयता तिथेच संपली.

“आणि लिंबूवाले काका?”

“हे आमचे हे,” बायको पुटपुटली.

मुलीचा चेहरा उतरला. विभागप्रमुखांचा जास्तच उतरला, कारण पुढच्या महिन्यात परिषदेत ते त्याच प्रकरणावर बोलणार होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “काका, निदान बुडता बुडता वाचलात, असं कधी?”

“कधीच नाही.”

“आठवून बघा. थोडं पाणी नाकातोंडात गेलं असेल.”

“तुमच्या प्रकरणासाठी मी आता बुडून दाखवू का?” नावाडी उभाच राहिला. “घरात बसलेल्या बाईला न विचारता तिच्या नवऱ्याला मारून टाकता, आणि वर मलाच आठवायला सांगता?”

आता मुलगीही चिडली. “न विचारता? माझ्या मनचं एक अक्षर त्यात नाही. मावशींच्या तोंडचं आहे, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.”

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. आधी कोंबड्या ऐकू आल्या, मग मुलीचा आवाज : “आणि मावशी, काका?” त्यावर बायकोचा, चांगला खणखणीत : “मेला समुद्रात…” पुढे नुसता वारा.

“मला वाटलं मावशी रडताहेत,” मुलगी म्हणाली. “म्हणून पुढचं विचारलंच नाही.”

नावाडी सावकाश बायकोकडे वळला. “पुढे काय म्हणालीस?”

“म्हणाले असेन काहीतरी.”

“काय?”

तीन दिवस धरून ठेवलेलं तिच्याने आता धरवेना. “मेला समुद्रात असतो दिवसभर आणि घरी आला की खाटेवर, असं म्हणाले. काय चुकलं? न्हाणीघराची कडी तीन वर्षं लटकतेय. छप्पर मी शाकारायचं, पाणी मी भरायचं. आणि हा राग बघा. कडीसाठी कधी एवढ्या तावातावाने उठला नाही हा माणूस.”

मुलीने हळूच वही उघडली. “मावशी, सावकाश सांगा. कडी किती वर्षं म्हणालात?”

पंधरवड्याने विद्यापीठाचं पाकीट आलं. आत प्रबंधाला चिकटवायचं शुद्धिपत्र होतं. मास्तरांनी ते धक्क्यावर मोठ्याने वाचलं, शिंपीही थांबून ऐकत होता. “पान एकशे बारा. प्रतिसादक क्रमांक चौदाचे पती हयात आहेत. दिवसा समुद्रावर, उरलेला वेळ खाटेवर. घरकामातील सहभाग शून्य. तिसऱ्या प्रकरणाचं नाव आता ‘बेटावरील पुरुष आणि घरकाम’ असं वाचावं.”

शिंपी निमूटपणे नावाड्याच्या होडीत जाऊन बसला. नावाड्याने वल्हं उचललं, परत खाली ठेवलं आणि मास्तरांजवळ आला.

“हे चिकटवायलाच हवं का?”

“म्हणजे काय? तुम्हीच तर भांडून आणलंत.”

नावाड्याने होडीत बसलेल्या शिंप्याकडे एकदा पाहिलं.

“मग डिंक जरा कमी लावा,” तो म्हणाला.