जमतंय, पण जुळत न्हाई

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा एकदा कॉम्प्युटरचा मदरबोर्ड हातात घेऊन दुकानाबाहेर आले आणि भर रस्त्यात तो उन्हाकडे धरून उभे राहिले. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर कॉम्प्युटरचे बाकी सगळे भाग बसतात ती पाटी. मागून एक ऑटोवाला हॉर्न बडवत होता. दुकानाचे मालक अजहरभाई पायरीवरून विनवत होते, "अप्पा, अंदरच देखो ना, धूप में क्या दिखनेवाला है उसमें?" अप्पांनी पाटी उलटी केली, सुलटी केली, दुसऱ्या हातातली रॅमची पट्टी तिच्या शेजारी धरली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "जमतंय, पण जुळत न्हाई."

मी सायन्स कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस. सगळा बाजार मला 'सर' म्हणतो. त्या दिवशी मी समोरच्या पानटपरीवर जाऊन, हे गृहस्थ आपले कोणी लागत नाहीत असा चेहरा करून उभा राहिलो.

अप्पांचा धंदा मॅचिंगचा. नांदेडला वजिराबादच्या एका बोळात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. दोन बायका आत गेल्या की तिसरीनं बाहेर थांबायचं, एवढंच दुकान. साडी घेऊन गिऱ्हाईक आलं की अप्पा आधी ती साडी घेऊन पायरीवर येतात. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीइतका विश्वास नाही. "लाइट खोटं बोलतंय ताई. उजेडात बघू." मग तागे निघतात, उलगडतात, परत गुंडाळले जातात. बाई बिचारी कंटाळून म्हणते, "चालतंय हो अप्पा, द्या त्यातलंच." अप्पा तागा फळीवर ठेवून देतात. "तुमाला चालतंय, पण साडीला चालंना." दुकान माल विकण्यासाठी असतं, ही गोष्ट त्यांना आयुष्यात कोणी सांगितलीच नव्हती.

एकदा एक बाई अशीच रागावून दुसऱ्या दुकानात गेली. दोन महिन्यांनी एका लग्नात पंगतीला नेमकी अप्पांच्या समोर आली. अप्पा अर्ध्या जेवणावरून उठले. मी विचारलं, काय झालं, तब्येत बरी नाही का? तर म्हणाले, "मोरपंखी साडीवर बाटलीहिरवा घालून बसली हाय सर. घास उतरंना."

हे वेड जुनं आहे. भूकंप झाला तेव्हा अप्पा लातूरला एका कापडदुकानात कामाला होते. गाव औसा तालुक्यात. घर पडलं, एक चुलते गेले. अप्पा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मला हे महानंदाकाकूंनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी सांगितलं. त्या दिवसांत कुठून कुठून कपड्यांचे ढीग येत होते आणि पत्र्याच्या शेडमध्ये वाटले जात होते. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं न्यायचं. अप्पा त्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले आणि एकेका साडीला झंपर जुळवायला लागले. लोकांना वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. एक साहेब ओरडले, इथं लोकांचं काय गेलंय आणि तुम्ही रंग काय बघत बसलात? अप्पा म्हणाले, "घर गेलं म्हणून बाईनं हिरव्या साडीवर जांभळं झंपर घालावं का साहेब?"

तीन दिवस ते उठले नाहीत म्हणे. काकू हे सांगताना हसत होत्या. "मलाबी तिथंच एक जोड मिळाला होता. निळी साडी अन् बराबर निळं झंपर. वर्षानं ह्यांची सोयरीक आली, तवा मी लगीच हाव म्हणले."

त्यांचा एकुलता एक मुलगा विरेश. आमच्याकडे दहावीत पोरगं बरं निघालं की त्याला डॉक्टर करायला लातूरच्या क्लासला 'टाकतात'. शब्द माझा नाही, सगळे हाच वापरतात. "पोराला कुठं टाकलंव?" "लातूरला टाकलंय." विरेशला डॉक्टरकीत रस नव्हता. सुट्टीत तो माझ्या लॅबमध्ये येऊन बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून बसायचा. मी अप्पांना एकदा तसं सुचवलंही. पण चौकाचौकात निकालाचे फलक लागले होते, त्यावर पासपोर्टएवढे फोटो होते, आणि कोणत्या बापाला मोह होत नाही? विरेशला लातूरला टाकलं. दोन वर्षं हॉस्टेल, क्लास, खानावळ. मार्क कमी पडले म्हणून आणखी एक वर्ष. सीट लागली नाही ती नाहीच. शेवटी पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. जाताना अप्पांच्या पाया पडला, पण बोलला नाही.

मग दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. काकू पाऊण तास बोलायच्या आणि "घ्या, बोला जरा" म्हणून फोन अप्पांच्या हातात द्यायच्या.

"जेवलास का?"

"हो."

"अभ्यास?"

"चालू आहे."

"बरं."

संपलं. अबोली आणि केशरी ह्यांच्या मधल्या रंगावर अर्धा तास बोलू शकणारा माणूस पोटच्या पोराशी चार शब्दांत आटपायचा.

एका रविवारी मी तिथेच चहाला बसलो होतो. 'बरं' म्हणून झालं, पण अप्पांनी फोन परत दिला नाही. घसा खाकरून म्हणाले, "तुला त्यो गेमचा कॉम्प्युटर पायजे होता ना? घेऊ." फोन स्पीकरवर होता. विरेश म्हणाला, "रेडिमेड नको अप्पा. सगळे पार्ट वेगवेगळे आणून जुळवायचा असतो तो." जुळवायचा हा शब्द ऐकला आणि अप्पा पाठ ताठ करून बसले.

तिथून पुढचं दीड वर्ष आम्हा सगळ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा होती. मी त्यांना समजावून सांगितलं, की प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो ज्या खाचेत बसतो ती खाच मदरबोर्डवर तशीच पाहिजे, नाहीतर नुसती पिना वाकवून ठेवाल. रॅमची पिढी बोर्डाच्या पिढीशी जुळली पाहिजे. चित्रं पळवणारं कार्ड मोठं असतं, ते कॉम्प्युटरच्या पेटीत मावलं पाहिजे. आणि ह्या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस दणकट पाहिजे. अप्पांनी हे सगळं ब्लाउजपीसच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि आपल्या भाषेत करून टाकलं. "म्हंजी बोर्ड ही साडी. प्रोसेसर काठ. कार्ड म्हंजी पदर, दिसाय भारी, पण पेटीत मावला पायजे. अन् ते वीजवालं अस्तर. कुणाला दिसत न्हाई, पण हलकं लावलं की सगळं उसवतंय. बराबर?"

बरोबर होतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही मी इतकं चांगलं शिकवू शकलो नव्हतो.

पण शिकले म्हणून निवड होईल तर शपथ. अजहरभाई म्हणाले, "अप्पा, रॅम टू बाय फोर लगा देता हूँ," म्हणजे चार-चारच्या दोन पट्ट्या. अप्पांनी आयुष्यभर ब्लाउजचं टू बाय टू कापड विकलेलं. ते संशयानं म्हणाले, "आमच्यात टू बाय टूच्या वर काई नसतंय. धुतल्यावर आटतं का हे?" एकदा सगळी यादी ठरली, तर म्हणाले पंख्याच्या लाइटाचा लाल आणि रॅमचा लाल एक नाही. "हे मिरची हाय, ते मरून." मी म्हणालो, अप्पा, गेम खेळताना पेटीच्या आत कोण बघतंय? "कुणी बघंना. घालणाऱ्याला म्हाईत असतंय की."

अशानं चार-सहा महिने गेले की बाजारात नवीन पिढीचा प्रोसेसर यायचा, खाच बदलायची, बोर्ड बदलायचा, आणि अप्पा नवा पुठ्ठा घ्यायचे. मी चिडलो की म्हणायचे, "घाई न्हाई सर. इरेशला विचारतो रविवारी." विरेशला ते इरेशच म्हणत.

रविवारी ते विचारायचे. विरेश सांगायचा. अप्पा हरकत घ्यायचे, विरेश समजावायचा, अप्पा पुठ्ठ्यावर खाडाखोड करायचे. दोघांची जुंपायची देखील. एकदा विरेश फोनवर खदखदून हसलेला मी ऐकला. काकू माझ्याकडे तक्रार करायच्या, "मला फोनच मिळंना हो आता." मला ते दिसत होतं आणि ऐकू येत होतं. पण माझं सगळं लक्ष त्या यादीत. यादी काही केल्या पुरी होत नाही ह्याचा मला, एक जाणकार माणूस म्हणून, अपमान वाटायला लागला होता.

दिवाळीच्या आधी कॉलेजच्या खरेदीसाठी मी हैदराबादला निघालो. मनात आलं, ह्या म्हाताऱ्याच्या हातून हे होणे नाही, आपणच उरकून टाकू. विरेशला फोन केला. तो म्हणाला, "काका, माझी लिस्ट मार्चमध्येच फायनल झाली होती. अप्पाच दर वेळी काहीतरी नवीन काढतात." काकूंना विश्वासात घेतलं. अप्पांनी बाजूला काढून ठेवलेले पैसे त्यांनी माझ्या हाती दिले. हैदराबादच्या बाजारात मी एक अख्खा दिवस घालवला. खाच, पिढी, लांबी, वीज, सगळं तपासलं. इतकंच नाही, पंखा आणि रॅम दुकानाबाहेर आणून उजेडात लाल रंगसुद्धा बघितला.

वसुबारसेच्या सकाळी अप्पा दुकानात असताना त्यांच्या पुढच्या खोलीत मी मशीन जोडली. दुपारी ते जेवायला आले तेव्हा ती चालू होती. पंखे फिरत होते, आतून लाल उजेड. अप्पा दारातच थांबले.

"समदं जुळलं?"

"सगळं," मी म्हणालो. "बघा तुम्ही."

त्यांनी पेटीची बाजू काढायला लावली. वाकून बघितलं. खिडकी उघडायला लावून परत बघितलं. कार्डाला हात लावला, वायरी बघितल्या, रॅम बघितली. एवढा वेळ लावला, की कुठे काही चुकलंय ह्याचीच वाट बघतायत असं वाटावं. शेवटी म्हणाले, "हाव. जुळतंय." अप्पांच्या तोंडून पहिल्याच झटक्याला हा शब्द मिळालेला माणूस सबंध नांदेडात मीच असेन. त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला, पण दिवाळीचे दिवस, दुकानात गर्दी, असं मी धरून चाललो. मी तर तरंगतच घरी आलो.

विरेश आला. मशीन बघून त्यानं आनंदानं मला मिठी मारली. चार दिवस कानाला हेडफोन लावून खेळला आणि भाऊबीज उरकून मशीन खोक्यात भरून पुण्याला घेऊन गेला. पोरगं वाईट नाही. त्यानं अप्पांनाही म्हटलं, "मस्त झालंय अप्पा."

पुढे महिनाभरानं, एका रविवारी दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो. काकूंचं फोनवर बोलणं चाललं होतं. संपल्यावर त्यांनी फोन अप्पांना दिला.

"जेवलास का?"

"हो."

"मशीन?"

"एकदम मस्त."

"बरं."

अप्पांनी फोन बंद करून मांडीवर ठेवला. मला बघून हसले, बसा म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "सर, त्यातलं काई बिघडत न्हाई का हो? न जुळायसारखं काई निघत न्हाई का मागून?"

आणि मी, सबंध बाजारात 'सर' म्हणवून घेणारा गाढव, छाती फुगवून म्हणालो, "अप्पा, निवड कुणाची आहे! पाच वर्षं हात लावायला नको."

"पाच वर्षं," अप्पा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या चहाचं बघायला आत गेल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. यादी अडली नव्हती. दीड वर्ष त्या माणसानं ती मोठ्या कष्टानं अडवून धरली होती. लातूरला टाकलेलं पोरगं त्या यादीच्या वाटेनं दर रविवारी थोडं थोडं परत येत होतं, आणि मी हैदराबादला जाऊन ती वाट बंद करून आलो होतो. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

मी उठायला लागलो तेव्हा अप्पांनी माझा हात धरला. फळीवरून एक कोरा पुठ्ठा घेतला, खिशातलं पेन काढलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तुमाला त्यातलं समदं कळतंय. पुढच्या रविवारी त्याला विचारायसारखं काईतरी सांगा की."