साबण-वेतनाची बखर

श्रीअग्निनारायण प्रसन्न असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एका काळ्या दौलतीत नवल वर्तले ते ऐकावे. त्या दौलतीत कोळसा भाजून कोक करीत आणि डांबर काढीत आणि तेल गाळीत, आणि माल दरसाल चढता निघे, परंतु भट्टीकरांचे वेतन जैसे थे राही. मग तरणे गडी साखर कारखान्याची वाट धरू लागले. तेव्हां भट्टीचे नाईक कुसाजी यांणी सर्वांदेखत शब्द दिला की, "औंदा वाढ आणली नाही तर नायकी खाली ठेवतो." भट्टीवर नाईकांचा भारी जीव, तरी शब्द दिला.

मग दिवाण सदोपंत यांणी दरबारी जाहीर केले की वेतन सवाई जाहले. लोकांनी पेढे वाटिले आणि पगाराचे दिवशी पाहतात तो रोकड पूर्वीइतकीच. नाईक धावत गेले आणि पुसते जाहले, "पंत, वाढ कुठंय?"

पंत वदले, "अहो, अंगाचा साबण देतो, धुळीवर उतारा म्हणोन गूळ देतो, टॉवेल देतो. ते काय फुकट? तेही वेतनातच धरले!"

नाईक तोंड पाडून घरी आले. कुटुंब गिरजाऊ यांणी वर्तमान ऐकिले आणि कपाळास हात लाविला. "साबण पगारात, तर मग आंघोळबी चाकरीतच की! घरी कशापायी घासताय? कामावर घासा!"

नाईकांची कळी खुलली. दुसरे दिवशी निम्मे गडी भट्टीवर ठेविले, कारण आग विझू देणे नाईकांस मरणप्राय, आणि निम्मे भर पाळीत नळाखाली बसविले, आणि मग अदलाबदल करावी. डांबर ते, सहजी कशाचे निघते? गाणी म्हणत घासू लागले, फेस अंगणभर जाहला आणि डांबर न्यावयास आलेले टँकर वेशीबाहेर खोळंबले.

तो दौलतीचे धनी महाराज यांची स्वारी आली. म्हणाले, "नाईक, हे काय मांडलेत?"

"चाकरी, महाराज. पगार साबणाचा घेतलाय, संपेस्तोवर घासणं आलं. खाल्ल्या पगाराला जागतो आम्ही."

महाराज पोट धरून हसले आणि सोबतच्या पंतांकडे वळले. "रीत नामी आहे. तुमचा बंगला, मोटार आणि दुपारचा चहा, तेही वेतनात धरू आणि रोकड तितकी कमी करू."

पंत घाबरे जाहले. "महाराज! बंगला तो बंगला, वेतन ते वेतन!"

आणि अवघे गडी फेसासुद्धा उठोन गर्जले, "साबण तो साबण, वेतन ते वेतन!"

मग काय पुसता! वाढ रोख मंजूर जाहली, आंघोळीची घटका कामात धरिली, आणि गेलेले गडी परतोन आले. कुसाजी नाईक तेथेच आनंदाने रडले, आणि पुसलियास डोळ्यांत साबण गेला म्हणाले.

येणेप्रमाणे वेतनाचे युद्ध जाहले. वाढ हाती पडली, नायकी राहिली. रणी कोणी पडले नाही. फेसावरून घसरोन सदोपंत तेवढे पडले, त्यांस नाईकांनीच हात देऊन उठविले आणि हसत हसत पाठ चोळून दिली.